खातो, पण काम तर करतो!

एखाद्या महापौराने बाटलीवर स्वतःचा फोटो छापून पास्ता सॉस विकायला काढला, असं कधी ऐकलंय? अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात हे खरंच घडलं. सॉसचं नाव ‘मेयर्स ओन मरिनारा’. बाटली घ्या आणि मुलांच्या शिष्यवृत्तीला हातभार लावा, असा एकूण फंडा. महापौरांचं पूर्ण नाव व्हिन्सेंट सिॲन्सी, पण अख्खं शहर त्यांना ‘बडी’ म्हणायचं. (आपणही अहो-जाहो सोडूया. ‘अहो बडी’ फारच विचित्र वाटतं!) तर हा बडी महापौरपदाच्या दोन इनिंग्ज खेळला, दोन्ही मिळून एकवीस वर्षं. आणि दोन्ही वेळा त्याला तंबूत पाठवलं ते मतदारांनी नाही, कोर्टाने.

सॉसची बाटली लक्षात ठेवा. शेवटी लागणार आहे.

बडीची आणि माझी ओळख झाली ‘क्राइमटाउन’मुळे. हा पॉडकास्ट २०१६च्या नोव्हेंबरात सुरू झाला. रॉबर्ट डर्स्टवरची ‘द जिंक्स’ ही डॉक्युमेंटरी मालिका ज्यांनी पाहिलीय, त्यांना मार्क स्मर्लिंग आणि झॅक स्टुअर्ट-पाँटियर ही नावं आठवतील. तीच जोडी इथेही आहे. कल्पना साधी: एक सीझन, एक शहर. पहिल्या सीझनमध्ये प्रॉव्हिडन्स, २०१८च्या दुसऱ्यात डेट्रॉइट. थोडक्यात, आपल्या डेली सोपसारखंच, फक्त सासू-सुनेच्या जागी माफिया आणि महापालिका. आणि सगळं खरं! जुने गुंड स्वतः बोलतात, त्यांना पकडणारे पोलिस बोलतात, महापालिकेतले लोक बोलतात, मधूनच एफबीआयच्या चोरट्या टेप्स वाजतात. ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात तरी चिडचिड होत नाही. उलट सिग्नल सुटला की ‘अरे थांब ना जरा’ असं होतं.

आधी जागा समजून घेऊ. प्रॉव्हिडन्स ही ऱ्होड आयलंड राज्याची राजधानी, लोकसंख्या १ लाख ९० हजारांच्या आसपास. राज्य तर एवढं चिमुकलं की आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात तशी तीन राज्यं आरामात बसतील. एवढ्याशा जागेत काय होतं? सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथल्या लोकांचं एक आवडतं वाक्य आहे, ‘आय नो अ गाय’. म्हणजे आपलं ‘तिथे आपला माणूस आहे’. परवाना अडलाय? आपला माणूस आहे. पोराला नोकरी हवीय? आपला माणूस आहे. आता हे वाचून कुणालाही परकं वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

तर या गावातला सगळ्यात मोठा ‘आपला माणूस’ म्हणजे रेमंड पॅट्रिआर्का. सगळ्या न्यू इंग्लंड भागातल्या माफियाचा बॉस. फेडरल हिल या इटालियन वस्तीत, अ‍ॅटवेल्स अ‍ॅव्हेन्यूवर त्याचं ऑफिस. बाहेरून बघाल तर नाणं टाकून सिगारेट काढायच्या मशीनचा धंदा. आतून बोस्टनपर्यंतच्या वसुल्या आणि खून ठरायचे. एफबीआयने १९६०च्या दशकात तिथे गुपचूप मायक्रोफोन बसवला आणि काही वर्षं सगळं ऐकलं. १९७५च्या ऑगस्टमध्ये शहरातल्या एका फर-कोट ठेवायच्या गोदामातल्या तिजोऱ्या फोडल्या गेल्या. जवळपास दीडशे लॉकर, लूट कोट्यवधी डॉलरची. तक्रारी करायला मात्र फारसं कुणी पुढे येईना. कारण अनेक लॉकर माफियाच्याच माणसांचे होते! आणि आपल्याच माणसांना लुटायची सुपारी खुद्द पॅट्रिआर्काने दिली होती, असं सांगितलं जातं. कारण काय, तर तो तुरुंगात असताना त्यांनी त्याची नीट बरदास्त ठेवली नाही. सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, काहीही हं!

आणि याच पॅट्रिआर्काविरुद्ध उभा राहिला आपला बडी. १९७२ साली तो तरुण सरकारी वकील होता. खुनाच्या खटल्यात एका पाद्र्याने साक्ष दिली की त्या वेळी पॅट्रिआर्का माझ्याबरोबर होता. बडीच्या टीमने चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी शोधून काढल्या. पाद्रीबाबा त्या दिवशी दुसऱ्याच राज्यात होते! पॅट्रिआर्का तरीही सुटला, पण बडीला पुढच्या करिअरसाठी हवी ती इमेज मिळाली. माफियाला भिडणारा माणूस. १९७४ साली भ्रष्टाचारविरोधी उमेदवार म्हणून तो महापौरपदाला उभा राहिला आणि फक्त ७०९ मतांनी जिंकला.

इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. आपल्याकडे महापौर म्हणजे मानाची खुर्ची. फायलींवर खरा हात असतो तो आयुक्तांचा, आणि ते येतात सरकारकडून. प्रॉव्हिडन्समध्ये तसं नाही. तिथे आपला महापौर आणि आयुक्त एकाच माणसात बसवल्यासारखं. नोकऱ्या, कंत्राटं, पोलिस, घरपट्टी, सगळीकडे महापौराची माणसं. अशा खुर्चीवर बसलेल्याला निवडणूक दर चार वर्षांनी लढवायची असते, त्यासाठी पैसा लागतो, वॉर्डावॉर्डातली माणसं लागतात. आणि ती माणसं काही फुकट येत नाहीत. मग काय, मस्टरवर नाव आणि कामाच्या जागी पत्ता नाही, असे लोक पगार घ्यायला लागले. माफियाशी संबंध असलेले सार्वजनिक बांधकाम खात्यात दिसायला लागले. बडीच्या पहिल्या इनिंगमधल्या भानगडींत महापालिकेतले लोक आणि कंत्राटदार मिळून वीसहून जास्त जणांना शिक्षा झाल्या. बडी मात्र नामानिराळा.

तो गेला तो वेगळ्याच भानगडीत. बायकोशी काडीमोड होत होती आणि एका माणसावर त्याचा संशय होता. १९८३ साली त्या माणसाला घरी बोलावून बडीने मारहाण केली, पेटती सिगारेटसुद्धा वापरली. १९८४ साली त्याने आरोप लढवला नाही, निलंबित शिक्षा झाली, खुर्ची सुटली. आपल्याला वाटेल संपला! छे. तो रेडिओवर गेला. रोज दुपारी लोकांच्या कानात. खड्डे, पाणी, नवा महापौर किती बोअर आहे, सगळ्यावर टोमणे. आणि १९९० साली पुन्हा उभा राहिला. तीन उमेदवार होते. बडी ३१७ मतांनी जिंकला.

ही दुसरी इनिंग म्हणजे प्रॉव्हिडन्सचा सुवर्णकाळ, असं आजही लोक म्हणतात. काँक्रीटखाली गाडलेल्या नद्या पुन्हा उघड्या झाल्या, काठाने फिरायच्या वाटा आल्या. १९९४पासून ‘वॉटरफायर’, म्हणजे रात्री नदीच्या पाण्यावर पेटवलेल्या शेकोट्या, त्यांच्यामधून फिरणाऱ्या होड्या आणि संगीत. १९९९मध्ये झगमगीत मॉल. त्याच वर्षी शहराच्या नावाची टीव्ही मालिका. मेलेलं डाउनटाउन जिवंत झालं आणि प्रत्येक उद्घाटनाला बडी हजर. विग लावलेला, जोक मारणारा, गर्दीतल्या आज्जीचंसुद्धा नाव लक्षात ठेवणारा.

इथपर्यंत ऐकलं आणि मी चक्क बडीची फॅन झाले, हे सांगायलाच हवं. काय सॉलिड माणूस! पॉडकास्ट सुरू होण्याच्या काही महिने आधी, २०१६च्या जानेवारीत तो गेला होता, त्यामुळे त्याचा आवाज येतो तो जुन्या टेप्समधूनच. तरी तो बोलायला लागला की बाकी सगळे फिके. मी मित्रमंडळींच्या ग्रुपवर लिंक टाकली. महिन्याभराने आम्ही चौघं जेवायला भेटलो तेव्हा विषय एकच, बडी. आणि सगळ्यांचं मत एकच. एक जण म्हणाला, “खातो बॉस, पण काम तर करतो! आपल्याकडचे तर नुसतेच खातात.” आम्ही हसलो. वाक्य पाठच आहे आपल्याला, घरोघरी चहाबरोबर मिळतं.

हसली नाही ती एकच मैत्रीण. ती जरा वेळाने म्हणाली, “तू एसीवाल्याच्या भागापर्यंत पोचलीस का?”

हा एसीवाला म्हणजे अँटोनियो फ्रेटास. एअर-कंडिशनिंगचा व्यवसाय करणारा प्रॉव्हिडन्समधला साधा उद्योजक. त्याची जागा होती, महापालिकेला शाळा खात्यासाठी जागा भाड्याने हवी होती, हिशेब सरळ होता. पण पैसे सरकवल्याशिवाय काही हलेना. आता अशा वेळी तुम्ही-आम्ही काय करतो? एक तर देतो, नाही तर नाद सोडतो. फ्रेटास तिसरंच काहीतरी करून बसला. तो एफबीआयकडे गेला आणि १९९८पासून अंगावर मायक्रोफोन लावून महापालिकेत जायला लागला. शंभराहून जास्त टेप्स भरल्या. यालाच नाव पडलं ‘ऑपरेशन प्लंडर डोम’. १९९९च्या एप्रिलमध्ये छापे पडले आणि शहर हादरलं.

या टेप्स म्हणजे लाच कशी घ्यावी याचा क्रॅश कोर्स. घरपट्टीच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचा वयस्क अध्यक्ष फ्रेटासला प्रेमाने समजावतो: फोनवर बोलायचं नाही, चेक घ्यायचा नाही, रोख घ्यायची आणि तीही समोर एकटा माणूस असताना. हा धडा आपल्याला खुद्द बडीने दिला, असंही तो सांगतो. पैसे दिले की घरपट्टी कमी. पाच हजार डॉलर दिले की महापालिकेत चिकटवून घेणार. पोलिसांच्या यादीत नाव हवं असलेल्या टोइंगवाल्यांनी बडीच्या निवडणूक निधीत पैसे भरायचे, असाही आरोप झाला. (टोइंगवाले! जगात कुठेही जा.)

सरकारी वकिलांनी खटल्यात वापरलेला कायदा होता रिको. १९७०चा, मुळात माफियाच्या टोळ्या मोडण्यासाठी केलेला. म्हणजे बघा, पॅट्रिआर्कासारख्यांसाठी बनवलेलं जाळं शेवटी त्याच्याविरुद्ध खटला लढलेल्या वकिलावर टाकलं गेलं. वकिलांचं म्हणणं एवढंच की महापालिका एखाद्या टोळीसारखी चालवली जात होती. २००२च्या जूनमध्ये निकाल लागला. वेगवेगळ्या व्यवहारांच्या बाकी सगळ्या आरोपांतून बडी सुटला, अडकला फक्त एकात. टोळी चालवण्याच्या कटात. त्याने स्वतः पैसे घेतल्याची टेप कुठेच नव्हती. न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना त्याची तुलना डॉ. जेकिल आणि मि. हाइड यांच्याशी केली आणि पाच वर्षं चार महिने दिले.

मैत्रिणीला हा भाग का लागला, ते तिने तेव्हाच सांगितलं. तिचे बाबा छोटे ठेकेदार होते. एका निमसरकारी ऑफिसची कामं करायचे. काम चोख, पण बिल पास व्हायच्या वेळी ‘टक्का’ मागायचे. बाबा द्यायचे नाहीत. मग बिलं सहा सहा महिने अडकायची, मजुरांचे पैसे कर्ज काढून द्यावे लागायचे. ती बारावीत असताना त्यांनी धंदा बंद केला आणि एका ओळखीच्यांच्या दुकानात हिशेब लिहायला लागले. “त्या ऑफिसचा रस्ता आता मस्त झालाय,” ती म्हणाली. “सगळे म्हणतात, साहेब खायचे पण रस्ता केला. माझे बाबा त्याच रस्त्याने दुकानात जायचे.”

जेवण त्यानंतर जरा शांतच झालं.

तेव्हापासून ‘खातो, पण काम तर करतो’ हे वाक्य मी नीट उलगडून बघतेय, आणि क्राइमटाउन मला त्यासाठी महत्त्वाचा वाटतो. वाक्यात दोन भाग आहेत. आधी दुसरा घेऊ, काम करतो. प्रॉव्हिडन्सच्या नद्या उघडायची योजना बिल वॉर्नर या वास्तुविशारदाची. पैसा मोठ्या प्रमाणात वॉशिंग्टनहून आला. काम सुरू झालं ते १९८०च्या दशकात, बडी रेडिओवर शेरेबाजी करत होता तेव्हा. ‘वॉटरफायर’ची कल्पना बार्नबी इव्हान्स या कलावंताची. बडीने यातलं काहीच केलं नाही असं अजिबात नाही. तो धावला, त्याने पाठिंबा दिला, शहराची जाहिरात त्याच्याइतकी कुणी केली नसती. पण फीत कापणारा माणूस एकटा असतो आणि फोटो त्याचाच छापून येतो. आपल्या डोक्यात ‘त्याने केलं’ एवढंच उरतं.

आता पहिला भाग, खातो. हे आपण असं म्हणतो जणू साहेबांनी आपल्या ताटातली एक पोळी उचलली. पण खाल्लं जातं ते नेहमी कुणा ठरावीक माणसाचं. ज्याचं टेंडर जातं त्याचं, जो रांगेत पुढे असूनही मागे ढकलला जातो त्याचं. नदीकाठचा फोटो सगळ्यांना दिसतो, बंद झालेल्या दुकानाचा फोटो कुणी काढत नाही. म्हणून हिशेबात एक बाजू कायम कोरी राहते आणि आपल्याला वाटतं, सौदा फायद्याचा झाला.

आणि काही बिलं तर साहेब गेल्यावर येतात. १९८९ साली प्रॉव्हिडन्सच्या निवृत्तिवेतन मंडळाने पेन्शनमध्ये दरवर्षी ५ ते ६ टक्के चक्रवाढ वाढ मंजूर केली. १९९१ साली परत आलेल्या बडीने युनियनशी तडजोड करून करारावर सही केली. यात लाच नव्हती, गुन्हाही नव्हता, पण सगळ्यांना खूश ठेवण्याची किंमत होती. पेन्शन फंडातलं भगदाड बुजवायला ५१.५ कोटी डॉलरपर्यंत कर्ज काढायला २०२२ साली मतदारांनी मंजुरी दिली. म्हणजे ज्यांनी बडीला मत दिलं त्यांची मुलं ते फेडणार.

पॉडकास्टबद्दल एक तक्रार मात्र नोंदवतेच. गुंड गोष्टी फारच छान सांगतात! चाळीस-चाळीस वर्षं त्याच गोष्टी बारमध्ये रंगवून घासूनपुसून झालेल्या. समोरच्या बाजूला ज्याचा भाऊ मारला गेला तो माणूस दोन वाक्यांत गप्प होतो. साहजिकच कान पहिल्याकडे वळतो. स्मर्लिंग-पाँटियर हे जाणून आहेत आणि तुम्ही जोरात हसलात की पुढच्याच मिनिटाला रक्त दाखवतात. तरी थीम म्युझिक भन्नाट, किस्से भन्नाट, आणि आपण जिममध्ये ट्रेडमिलवर कुणाच्या तरी खुनाची गोष्ट एंजॉय करत असतो. ऐकताना अधूनमधून पॉज करून ‘यात पैसे कुणाचे गेले?’ एवढं स्वतःला विचारलंत तरी पुरे.

आता ती सॉसची बाटली. २००७ साली तुरुंगातून सुटून बडी परत रेडिओवर आला आणि २०१४ साली, ७३व्या वर्षी, तिसऱ्या इनिंगसाठी महापौरपदाला उभा राहिला. तेव्हा पत्रकारांनी सॉसचे हिशेब तपासले. मुलांच्या शिष्यवृत्तीचं नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या त्या सॉसमधून मागच्या काही वर्षांत शिष्यवृत्तीला काहीच गेलं नव्हतं. निवडणूक बडी हरला. पण दोनदा गुन्हेगार ठरल्यावर, सॉसची बातमी छापून आल्यावरही सुमारे ४५ टक्के लोकांनी त्यालाच मत दिलं. ते सगळे मूर्ख नव्हते. त्यांना नदी दिसत होती.

बडी गेला तेव्हा त्याचं पार्थिव महापालिकेत ठेवलं होतं आणि हजारो लोक थंडीत रांगेत उभे राहिले. त्यावर पुस्तकं आली, डॉक्युमेंटरी आली, पॉडकास्ट आला, आणि आता हा कॉलमही त्याच्यावरच झाला. शर्टाच्या आत मायक्रोफोन चिकटवून महापालिकेच्या पायऱ्या चढणाऱ्या एसीवाल्यावर मात्र कुणी सॉस काढला नाही.

मैत्रिणीने बाबांना फ्रेटासची गोष्ट सांगितली. सगळी शांतपणे ऐकून घेतली त्यांनी आणि एकच प्रश्न विचारला, “त्याचा धंदा पुढे चालला का गं?”

पहिला सीझन ऐकाच. आणि ऐकताना हाच प्रश्न मनात ठेवा.